अठ्ठेचाळीस सालचं पेव

९ मार्च १९९८, सोमवार

नोकरी सुटली तशी रोजनिशीही सुटली. तीन वर्षांत लिहावं असं काही घडलंच नाही. पाऊस पडला, नाही पडला, गुडघे दुखले. आज मात्र माळ्यावरून वही काढली, कारण आज प्रतिक्षा आली होती.

एकोणऐंशी सालच्या चौथीतली माझी विद्यार्थिनी. कविता म्हणताना डोळे मिटायची. आता पुण्याहून सिनेमाचं शिक्षण घेऊन आली आहे. केस कापलेले, गळ्यात कॅमेरा, पण पाया पडायला वाकली तेव्हा तीच ती.

"गुरुजी, यंदा मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं होतात. मी अमृतवर सिनेमा करतेय. तुमच्या गोष्टीवर."

छत्तीस वर्षं दर सतरा सप्टेंबरला झेंडावंदनानंतर मी ती गोष्ट सांगत आलो. मुलं चुळबूळ थांबवून ऐकायची. अठ्ठेचाळीस साल, निजामाच्या रझाकारांची टोळी पुसेगावच्या रस्त्यानं येतेय अशी वर्दी आली. आमच्या अंगणात पेव होतं. पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार. तोंड एखादं पोरगं जेमतेम उतरेल एवढं, पोट हत्ती मावेल एवढं. आमच्या सालदाराचा मुलगा अमृत, माझ्याच वयाचा, छातीला तिरंग्याचा बिल्ला लावून हिंडत होता. तो बिल्ला शत्रूच्या हाती पडू नये म्हणून अमृत पेवात उतरला. वर शिळा सरकवली. टोळी निघून गेली, शिळा काढली, तेव्हा अमृत गेलेला होता. बिल्ला मुठीत. आणि शेवटच्या श्वासापर्यंत ओठांवर शाळेतली कविता.

प्रतिक्षा म्हणाली, "ती कविता मला अजून ऐकू येते गुरुजी."

मला पण येते. पण ते मी तिला सांगितलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

प्रतिक्षाजवळ एक जाड वही आहे. तिला ती 'काळाची वही' म्हणते. अठ्ठेचाळीस साली गावात काय होतं आणि काय नव्हतं, ते त्यात लिहायचं. मी सल्लागार!

"सिनेमात वर्ष म्हणजे शब्द दिल्यासारखं असतं," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस म्हटलं की अठ्ठेचाळीसच दिसलं पाहिजे. मागं एक विजेचा खांब दिसला की प्रेक्षक म्हणतो, हे खोटं. मग समोर पोरगा मरत असला तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही."

दिवसभर तिला घेऊन गाव फिरलो. खांब नकोत. गाजरगवत नको, ते तेव्हा आलंच नव्हतं. वेडी बाभूळ नको. नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकची घागर, जर्सी गाय, काहीच नको. एकेक वस्तू डोळ्यांसमोरून पुसली जात होती आणि मागून माझं गाव वर येत होतं. मातीची धाबी, लाल बैल, चुलीचा धूर. शाळा सुटल्यावर दप्तर डोक्यावर धरून पळत सुटावं तसं मन झालं.

म्हातारी जनकाबाई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "काय काय काढून राहिले गुरुजी गावातून?"

"जे जे नवं ते सगळं."

"मंग सरपंचाला काढा आधी. मी ऱ्हाते, मी तवाचीच हाय."

प्रतिक्षानं तिचं नाव वहीत घेतलं. म्हातारी एवढी खूश झाली की नव्या लुगड्याची घडी मोडते म्हणाली. नवं लुगडं चालणार नाही हे सांगायचं काम माझ्याकडं आलं.

१६ मार्च, सोमवार

पेवाचा प्रश्न होता. गावातली सगळी पेवं बुजवून लोकांनी पत्र्याच्या कोठ्या केल्या. उरलं आहे ते एकच. आमचं. अंगणात कडब्याची गंजी आहे, तिच्याखाली. दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ माणिकराव, उघडू देणार नाहीत असंच मला वाटलं होतं. खरं म्हणजे, देऊ नये असं वाटलं होतं. पण पडद्यावर नाव येणार म्हटल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

जनकाबाई मध्येच बोलली, "आन् दिवा कवा सोडला?"

"कसला दिवा आजी?" प्रतिक्षानं विचारलं.

"आगं बाई, पेव उघडलं की लगेच कोनी उतरतं का? आत वाईट हवा ऱ्हाती. दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. जळत ऱ्हायला तर मानूस उतरायचा. विझला तर दिसभर तोंड उघडं ठेवायचं. लहान लेकराला बी ठावं हाय."

प्रतिक्षा माझ्याकडं बघत होती.

"घाई होती," मी म्हणालो. "रझाकार वेशीपाशी आले होते. दिवा सोडायला वेळ कुठला?"

तिनं वहीत लिहून घेतलं, 'घाई'.

कंदील माझ्या हातात होता, असं मला आठवतं. पण तो दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी असेल. शेतकऱ्याच्या घरात कंदील रोजच कुणाच्या तरी हातात असतो.

२१ मार्च, शनिवार

दुपारी दोनच्या सुमाराला गाव गप्प होतं. त्या वेळी गंजीकडून आवाज येतो. पूर्वी वर्षा-सहा महिन्यांनी यायचा, आता रोज. कुणीतरी पाठांतर करतंय असा.

चिमणी आली, दाणा घेई
दाण्यासंगे आभाळ नेई

पुढं नाही. पुढच्या ओळी मला आठवत नाहीत. मला! हजार कविता तोंडपाठ असलेल्या माणसाला. इन्स्पेक्टर यायचे तेव्हा मी पुस्तक न उघडता पहिली ते चौथीच्या सगळ्या कविता म्हणून दाखवायचो. ही पुस्तकातली नव्हती, आमच्या गुरुजींनी स्वतः रचलेली. पण म्हणून काय झालं?

बायकोनं, आशाबाईनं विचारलं, "काय पुटपुटून राहिले?"

"कविता."

"रोज तेवढ्याच दोन ओळी? पोरांना तर छडी मारायचे तुमी, अर्धी कविता म्हटली की."

संध्याकाळी प्रतिक्षा आली. तिला एक शंका होती. "गुरुजी, रझाकार वर आहेत. हा खाली लपलाय. मग हा मोठ्यानं कविता कशाला म्हणेल? चूप बसेल ना?"

"मनातल्या मनात म्हणत असेल."

"मग तुम्हाला कशी ऐकू आली?"

मुलगी हुशार. चौथीतही अशीच उलटतपासणी करायची.

आवाज मोठा होता. पेवात आवाज घुमतो, मडक्यात बोलल्यासारखा. आत उतरलेल्या माणसानं सारखं बोलत राहायचं असतं, गात राहायचं असतं, म्हणजे वरच्यांना कळतं की तो ठीक आहे. ही रीतच आहे. पण ती ज्वारी काढायला उतरणाऱ्याची रीत. लपणाऱ्याची नव्हे.

२९ मार्च, रविवार

काल पाडवा झाला. आज सकाळपासून एक गोष्ट डोक्यात फिरतेय, ती लिहून टाकतो म्हणजे फिरायची थांबेल.

अठ्ठेचाळीस साली गावात मराठी शाळा नव्हती. मौलवीसाहेब होते, चावडीत बसवून उर्दूचं अलिफ-बे शिकवायचे. भला माणूस. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, मग तेही गाव सोडून गेले; तेव्हा माझी पाटी त्यांनी स्वतः पुसून माझ्या हातात दिली. मराठीचे गुरुजी आले एकोणपन्नासच्या जूनमध्ये. त्यांनी पहिल्यांदा अमृतला शाळेत बसवलं. व्हरांड्यात, पण बसवलं. कविता त्यांची.

मग अठ्ठेचाळीस साली अमृतला ती कविता कशी येत होती?

दादांकडं गेलो. ते पानाला चुना लावत होते. मी म्हणालो, "दादा, अमृतचं ते कोणतं वरीस होतं हो?"

त्यांनी पान तोंडात घातलं, चावलं, थुंकले. मग म्हणाले, "तूच सांगत आला ना गावाला? अठ्ठेचाळीस."

"पण ती कविता..."

"इश्वंबर, कविता कोन बघतं? अठ्ठेचाळीस म्हनलं की लोक पुढं ईचारत न्हाईत. रझाकार म्हनलं की सपलं. चांगलं चालून राहिलं हाय. वरीस हलवू नको."

चांगलं चालून राहिलं आहे, हे खरंच. शाळेत त्याचं नाव निघतं. मुलं टाळ्या वाजवतात. एखाद्या गरिबाच्या लेकराला याहून काय मिळालं असतं? मी त्याला काहीतरी दिलं, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो.

११ एप्रिल, शनिवार

आज ओळी सरळ येत नाहीत. अक्षर बघून मला माझीच छडी मारावीशी वाटते.

दुपारी एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, उंच, पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी. आखाडा बाळापूरहून एसटीनं आली होती. पेपरात सिनेमाची बातमी आली, ती कापून आणलेली.

"विश्वंभर गुरुजी तुमीच का? मी मालनबाई. अमृतची बहीण."

अमृतला बहीण होती. पाच-सहा वर्षांची, शेंबूड पुसत त्याच्या मागं फिरणारी. अमृत गेल्यावर आठ दिवसांत ते घर गाव सोडून गेलं. मी त्यांना परत कधी पाहिलं नाही. ते दिसले नाहीत, एवढंच म्हणावं तर खोटं होईल. मी विचारपूसही केली नाही.

आशाबाईनं चहा आणला. मालनबाईनं कप उलटसुलट करून पाहिला. "घरातलीच कपबशी हाय ना बाई? का आमच्यासाठी येगळी ठेवली?"

"आवो, घरातलीच."

"बरं झालं. माझ्या बापानं ह्या अंगनात करवंटीत पेला हाय."

चहा पिऊन तिनं कप खाली ठेवला. मी तिला सगळं चांगलं चांगलं सांगू लागलो. हुतात्मा अमृत, शाळेतली गोष्ट, टाळ्या. तिनं हात वर केला.

"गुरुजी, रझाकार बी नको, हुतात्मा बी नको. मला एकच ईचारायचं हाय. माझा भाऊ चोर व्हता का न्हवता?"

"चोर?"

"तुमच्या बापानं माझ्या बापाला सांगितलं, तुझं पोरगं जवारी चोराया पेवात उतरलं आन् मेलं. गाव सोड, न्हाई तर पोलिसाला सांगतो. माझ्या मायनं मरताना बी मला म्हनलं, मालन, त्याला भूक लागली आसन का गं? मी भाकर दिली व्हती का त्या दिवशी? जलमभर ह्योच हिशोब करून राहिली व्हती ती, सकाळी त्याला एक भाकर दिली का दीड."

मी म्हणालो, हे मला ठाऊक नव्हतं.

इथं रोजनिशीतही तेच लिहावं का, याचा मघापासून विचार करतोय. वडील ओट्यावर बोलत होते आणि मी दाराआड होतो. नाही लिहीत.

मग तिनं पिशवीतून एक रुमाल काढला. रुमालात पत्र्याचा बिल्ला. गंजलेला, पण तीन रंग ओळखू येत होते. "मढ्याच्या मुठीतून मायनं काढला. मला वाचता येत न्हाई. नातू धम्मानंद शिकला, त्यानं वाचला. म्हनला, आजी, पेपरात अठ्ठेचाळीस लिवलं, मंग ह्ये काय?"

मी चष्मा लावला. तिरंग्याखाली बारीक अक्षरं होती. २६ जानेवारी १९५०.

तो बिल्ला मराठीच्या गुरुजींनी वाटला होता. प्रजासत्ताक झालो म्हणून. मलाही मिळाला होता. मी माझा दोन दिवसांत हरवला. अमृतनं छातीवरून काढलाच नाही.

"रझाकार पन्नास साली कुठून आले, गुरुजी?"

मी म्हणालो, मालनबाई, मला आठवून बघू द्या.

"बघा," ती उठत म्हणाली. "आठेचाळीस वरसं झाली. आजून बघा."

१३ एप्रिल, सोमवार

प्रतिक्षाच्या मुक्कामी गेलो. तिची माणसं पोतं भरून गाजरगवत उपटत होती. दोन खांबांना बाभळीच्या फांद्या बांधून त्यांची झाडं केली होती. मी म्हणालो, "पोरी, गोष्ट पन्नास साली घडली असं धरलं तर?"

ती हसली. "मग रझाकार कुठून आणू? अठ्ठेचाळीस आहे म्हणून तर सगळं पटतं, गुरुजी. भीती पटते, घाई पटते, शिळा सरकवणं पटतं. पन्नास साली स्वतःच्या देशात, भर दिवसा, पोरगा पेवात कशाला उतरेल? कोणापासून लपेल?"

"लेव्हीवाल्यांपासून," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"काही नाही."

परत येताना तिचे शब्द बरोबर चालत आले. मी छत्तीस वर्षं गोष्टीत वर्ष बरोबर घातलं, म्हणून कुणी दिवा विचारला नाही. तिला एका खांबाची भीती वाटते. इथं खांब कुठंच नव्हता. सगळं खरं होतं. पेव खरं, पोरगा खरा, बिल्ला खरा, मरण खरं. फक्त वर्ष मी घातलेलं.

१९ एप्रिल, रविवार

उद्या पेव उघडणार. प्रतिक्षानं मालनबाईला बोलावणं धाडलं आहे. हुतात्म्याची बहीण म्हणून तिला साडीचोळी करायची आहे.

आज दुपारी आवाज आला नाही. वाट बघत बसलो. आवाज न येणं अधिक वाईट होतं.

२० एप्रिल, सोमवार

घडलं तसं लिहितो. अलंकार नकोत.

सकाळी दहाला गंजी हलवली. माती काढली, शिळा उघडी पडली. चौघांनी पहारीनं सरकवली. आतून वास आला. जुन्या ज्वारीचा, ओल्या भिंतीचा, आंबूस. अठ्ठेचाळीस वर्षांनी तो वास नाकात गेला आणि मी तेरा वर्षांचा झालो.

प्रतिक्षानं बजावलं की आत कोणीही उतरणार नाही, आतला देखावा ती दुसरीकडं उभा करणार आहे. इथं फक्त तोंड हवं. तिनं जनकाबाईचं ऐकून पटकथेत दिवा घातला होता. "गुरुजी, कंदील तुम्हीच सोडा. तुमचे हात दिसू देत."

मालनबाई खुर्चीवर बसली नव्हती. पेवाच्या काठाशी जमिनीवर बसली होती. दादा मुंडासं बांधून माझ्या शेजारी उभे होते. तेव्हाही ते तिथंच उभे होते.

कंदील पेटवला. सुताच्या दोरीला बांधला. हळूहळू सोडला. एक हात, दोन हात, तीन हात. आतली भिंत पिवळी दिसू लागली. चौथ्या हाताला ज्योत लहान झाली, निळी झाली आणि गेली.

मग दादा बोलले. सवयीनं बोलावं तसं, सहज. "वाऱ्यानं गेला."

मालनबाईनं मान वर केली. "खाली कुठलं आलं वारं?"

ते दादांचे शब्द नव्हते. ते माझे होते. एकतीस जानेवारी एकोणीसशे पन्नास, मंगळवार, दुपारचे दोन. संध्याकाळी तहसिलातून लेव्हीची माणसं येणार होती. सरकारला द्यायची ज्वारी वडिलांनी पेवात दडवली होती, ती हलवायची होती. तोंडातून मोठा माणूस उतरत नव्हता. वडील म्हणाले, अमृतला आण. मी शाळेत गेलो. मी गुरुजींना म्हणालो, अमृतला घरी बोलावलंय. मी त्याला आणलं. कंदील मी सोडला. चौथ्या हाताला गेला. दादांनी विचारलं, काय रे? दिवा परत पेटवायचा म्हणजे उशीर, उशीर म्हणजे दादांची थप्पड, एक आधीच बसली होती. मी म्हणालो, वाऱ्यानं गेला.

दादा म्हणाले, मंग चल.

अमृत हसत उतरला. बोलत राहा रे, दादांनी सांगितलं. तो कविता म्हणू लागला. दुसऱ्या ओळीला आवाज थांबला. आम्ही वाट बघितली. मला वाटलं, तिसरी ओळ विसरला असेल.

हे सगळं मी पेवाच्या काठावर, विझलेला कंदील हातात धरून, मोठ्यानं बोललो. दादा मध्येच म्हणाले, "याला ऊन लागलंय, आत न्या." कुणी हललं नाही.

मी मालनबाईकडं वळलो. "चोर नव्हता. मी बोलावून आणलं होतं. त्यानं एक दाणा घेतला नाही."

ती पेवात बघत होती. मग म्हणाली, "परत म्हना."

"चोर नव्हता."

"आजून एकदा. तिकडं तोंड करून म्हना, तुमच्या गावाकडं."

मी म्हणालो. ती उठली, पदराला लागलेली माती झटकली. साडीचोळीचं ताट तसंच राहिलं.

प्रतिक्षाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. "गुरुजी, कॅमेरा चालू होता. ठेवू का पुसू?"

"ठेव," मी म्हणालो.

२१ एप्रिल, मंगळवार

अंगणात दादांनी काट्याचं कुंपण ओढलं. त्यांची बाजू, माझी बाजू. पेव त्यांच्याकडं गेलं.

संध्याकाळी आशाबाई म्हणाली, "दिवा विझला व्हता ह्ये तुमी मला बी सांगितलं न्हाई. चाळीस वरसं झाली लग्नाला."

१७ सप्टेंबर १९९८, गुरुवार

शाळेनं बोलावलं नाही. छत्तीस वर्षं नोकरीत आणि तीन वर्षं नंतर, कधी चुकलं नव्हतं. सकाळी कोट घालून बसलो होतो, मग काढून ठेवला.

पण प्रतिक्षाचं पत्र आलं होतं. सुवर्णमहोत्सवाच्या समितीला तिचा सिनेमा नको झाला. तिनं तो वीस मिनिटांचा केला आणि आज दुपारी बाळापूरच्या विहारात, टीव्हीवर, दाखवणार होती. मी एसटीनं गेलो. मागं भिंतीला टेकून उभा राहिलो.

त्यात अठ्ठेचाळीस साल कुठंच नव्हतं. नट नव्हते, रझाकार नव्हते. आमचं अंगण होतं, मी होतो, कंदील होता, मालनबाई होती. माझ्या मागं विजेचा खांब स्पष्ट दिसत होता, फांद्या बांधायच्या राहिलेला. कडेला एक गाजरगवताचं रोप वाऱ्यानं हलत होतं. निळी नायलॉनची दोरीही पडलेली होती कोपऱ्यात. मी लोकांच्या चेहऱ्यांकडं बघत होतो. खांब कुणालाच दिसला नाही. पुढच्या ओळीतली एक म्हातारी तोंडाला पदर लावून बसली होती.

शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. अमृत. ३१ जानेवारी १९५०. बस.

लोक पांगल्यावर मालनबाईजवळ गेलो. तो बिल्ला तिनं घासून पुसून तसबिरीच्या चौकटीत लावला होता. आत फोटो नव्हता. त्याचा फोटो कुणी काढलाच नव्हता. बिल्लाच.

"बरं झालं आले," ती म्हणाली. "मायच्या जागी मी ऐकलं. आता तिचा भाकरीचा हिशोब मिटला."

मी म्हणालो, "मालनबाई, एक विचारू? ती कविता. तो घरी म्हणायचा का? दोनच ओळी आठवतात मला. पुढची..."

ती थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. ते हसू नव्हतं.

"म्हनायचा ना. रोज. मला बोट धरून शिकवली त्यानं, सगळी. आजून येती मला. नातवंडाला बी शिकवली."

"पुढं काय आहे?"

"पुढचं मी सांगनार न्हाई, गुरुजी."

ती आत गेली. विहारातली लेकरं बाहेर अंगणात खेळत होती.

सहाच्या एसटीनं परत आलो. आता लिहितोय. एवढ्या वर्षांत ही कविता मी कधी कागदावर उतरवली नव्हती, आज उतरवतो.

चिमणी आली, दाणा घेई
दाण्यासंगे आभाळ नेई

खाली दोन ओळींची जागा मोकळी ठेवली आहे.